कौलाचा प्रश्न कोण ठरवतो?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या सगळ्यांना कळेल. खानापूर तालुक्यातल्या तुमच्या गावात पुढच्या वर्षी महालक्ष्मीची यात्रा आहे. त्यातल्या एका रात्री गावातली पोरं-पोरी तुम्ही लिहिलेलं अद्भुत नाटक करणार आहेत. घाटमाथ्याच्या एका दरीत सात कुळी राहतात. देवराईतल्या झऱ्याचं पाणी तान्ह्या बाळाच्या ओठाला लावलं की त्याला सावली मिळते. ज्याला सावली नाही त्याला कुळीत जागा नाही. झरा आटत चाललाय, दरीची थोरली निपुत्रिक आहे आणि एका कुळीचा म्होरक्या गादीसाठी कारस्थानं करतोय. पहिल्या वाचनाला सगळे म्हणाले, म्होरक्या खोटा वाटतो. तुम्ही विचारता, त्याचा दुष्टपणा वाढवू की कमी करू?

त्याला हात लावू नका. दुखणं तिथं नाही.

बेळगाव शहरात आणि आसपासच्या खेड्यांत मी तीस-बत्तीस वर्षं नाटकं बसवतोय. संहिता दोनदा वाचली. झरा आणि सावली ही कल्पना मला इतकी आवडली की रात्री जेवताना घरात सांगत बसलो. म्हणूनच जरा मोकळेपणाने लिहितो.

पहिल्याच प्रवेशात म्होरक्या एकटा येतो आणि प्रेक्षकांना सांगतो, 'ही गादी माझी होणार, मी सगळ्यांना फसवणार.' ही सवय कुठून आली ते मला ठाऊक आहे. आपल्या पश्चिमेकडच्या गावांत खालून कोकणातले दशावतारी येतात. त्यांचा राक्षस, त्यांचा राजा रंगमंचावर पाय ठेवताच आपलं नाव, आपला पराक्रम, आपला हेतू खणखणीत सांगतो. तिथं ते शोभतं, कारण संवाद लिहिलेले नसतात, कथा सगळ्यांना पाठ असते आणि मजा असते ती दोघांच्या शब्दांच्या झुंजीत. तुमची कथा कुणालाच माहीत नाही. पहिल्या पाच मिनिटांत त्याने सगळं सांगून टाकलं तर पुढचे दोन तास प्रेक्षकाला करण्यासारखं काय उरलं? डाव ओळखणं हे प्रेक्षकाचं काम आहे, ते त्याच्याकडून काढून घेऊ नका. तो स्वगताचा प्रवेश काढा. सबंध नाटकात त्याने 'मला पाहिजे' हे दोन शब्द एकदाही उच्चारायचे नाहीत, असा नियम स्वतःला घालून घ्या आणि मग लिहायला बसा.

आता मुख्य गोष्ट. तुमचा म्होरक्या पद मागतो. मुरलेला स्वार्थी पुढारी पद मागत नाही, काम मागतो. 'ही जबाबदारी कुणी तरी घ्यायलाच हवी' असं म्हणून तो उठतो, आणि ते काम असं असतं की ज्याच्याशिवाय पुढचं पान हलत नाही.

कित्तूरच्या राणी चन्नम्माची गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही येते, पण आपण ती लढाईपासून सुरू करतो. तुम्ही लढाईच्या आधीचे सहा आठवडे बघा. सप्टेंबर १८२४ मध्ये कित्तूर संस्थानाचे शिवलिंगरुद्र देसाई वारले. औरस मुलगा नव्हता, दत्तक घेतला होता. धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने तो दत्तक मानला नाही. २३ ऑक्टोबरला किल्ल्यापुढे लढाई झाली आणि थॅकरे पडला. डिसेंबरात किल्ला गेला आणि काकतीच्या या लेकीला, राणी चन्नम्माला, बैलहोंगलला कैदेत ठेवलं. तिथंच १८२९ साली तिचा अंत झाला. पण मृत्यू आणि लढाई यांच्या मधल्या दिवसांत काय घडलं? खजिन्यावर मोहोर लागली, आणि संस्थानाचा कारभार बघायला तिथल्याच दोन कारभाऱ्यांना नेमलं, मल्लप्पा शेट्टी आणि वेंकटराव. लोकांच्या तोंडी ही दोन नावं आजही फितुरांची म्हणूनच येतात. मला नाटकवाला म्हणून त्यातला एकच शब्द खुणावतो: नेमणूक. किल्ल्याचा दरवाजा फोडून कुणी आत शिरलं नाही. दत्तकाचा निकाल लागेपर्यंत कुणी तरी हिशेब बघायला हवा, असं म्हणून माणसं आत आली. वारस कोण हे भांडण चालू असताना 'तोवर' या शब्दात सगळी सत्ता मावते.

तुमच्या दरीतही थोरलीला मूल नाही. म्हणजे हा 'तोवर' तुमच्या हातात आयता आहे, आणि तुम्ही तो वापरलेलाच नाही! तुमचा म्होरक्या प्रतिस्पर्ध्याला विष घालतो, खोटं पत्र पाठवतो, एका मुलीला पळवतो. हे कुठल्याही राज्यात कुठलाही खलनायक करील. ज्या जगात सावली पाण्यातून मिळते, तिथलं राजकारण पाण्यावर आणि सावलीवरच चालायला हवं. झरा आटतोय तर पाणी जपून वापरायला हवं, हे कुणालाही पटेल. मग कोणत्या बाळाला आज पाणी, कोणत्या बाळाला पुढच्या पुनवेला, याची यादी करायला हवी. म्होरक्या म्हणतो, 'यादी मी करतो, कुणाला वाईटपणा नको.' बस्स. त्याने वाईटपणा अंगावर घेतला म्हणून सभा त्याचे उपकार मानते. तिसऱ्या प्रवेशापर्यंत दरीतली प्रत्येक गरोदर बाई त्याच्या दाराशी बसलेली दिसली पाहिजे. विषाची बाटली लागलीच नाही.

अद्भुत नाटकात मी हे नेहमी पडताळून पाहतो: चमत्कार किती आहे, कुणाकडे आहे आणि तो वाटतो कोण? विहिरीच्या पाण्याची पाळी लावावी तसा चमत्काराचा हिशेब लागला की राजकारण आपोआप उगवतं.

आता कौल. तुमच्या दुसऱ्या अंकात देवराईत कौल लावण्याचा प्रवेश आहे, आणि म्होरक्या गुरवाला सोन्याचं कडं देऊन कौल फिरवतो. हा प्रवेश नाटकाचा कणा होऊ शकतो, आणि आत्ता तो सगळ्यात लंगडा आहे. घाटाच्या कडेच्या गावांत वाढलेल्या माणसाला कौल माहीत असतो. देवाच्या अंगाला पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात, उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. समोर बसलेल्या शंभर लोकांतले साठ जण आयुष्यात कधी ना कधी त्या पाकळीकडे श्वास रोखून बघत बसलेले असतील. लग्न, विहीर, आजारपण, जमिनीची वाटणी. त्यांच्यासमोर गुरव विकला गेला असं दाखवलं की दोन गोष्टी होतात. एक तर त्यांच्या श्रद्धेला उगाच ठेच लागते. दुसरं म्हणजे ते म्हणतात, असा गुरव असेल तर मग काय, कुणीही जिंकेल. म्होरक्याच्या हुशारीची किंमत शून्य.

देव खराच ठेवा. गुरव प्रामाणिक ठेवा. पाकळी खरीच पडू दे. म्होरक्या हात घालतो तो प्रश्नात.

बघा, सभेला विचारायचं आहे, 'झऱ्याचं पाणी सातही कुळींना सारखं वाटावं का?' आदल्या रात्री म्होरक्या प्रत्येकाच्या घरी जाऊन एवढंच म्हणतो की देवाला असं उघडं-वाघडं विचारू नये. नकार आला तर सातही कुळी आयुष्यभर एकमेकांचं तोंड बघणार नाहीत. त्यापेक्षा विचारू, 'झरा वाचवण्यासाठी एका हाताने राखण व्हावी का?' हो म्हणायला कुणाची हरकत? झरा वाचायलाच हवा. सकाळी पाकळी उजवी पडते, देवाने खरंच होकार दिलेला असतो, आणि लोक घरी जाऊ लागतात तेव्हा एखादी म्हातारी मागे वळून विचारते, 'एक हात म्हणजे कुणाचा गा?' तिथं प्रवेश संपवा. त्या म्हातारीला दुसरं वाक्य देऊ नका.

असा प्रवेश लिहिलात तर म्होरक्याने खोटं एक अक्षरही बोललेलं नाही, देवाचा अपमान झालेला नाही, आणि तरीही सगळ्या दरीचं पाणी एका दिवसात हललेलं आहे. मी हा प्रवेश लिहायला तुम्हाला किमान आठ दिवस लावा म्हणेन. आदल्या रात्रीच्या सहा भेटी सहा तऱ्हांनी झाल्या पाहिजेत. एका घरी तो बोलतच नाही, नुसता बसतो आणि घरधनी स्वतःच तो बदललेला प्रश्न सुचवतो. ती भेट सगळ्यात शेवटी ठेवा, कारण सकाळी सभेत प्रश्न मांडणार तोच घरधनी.

इथं मला भाषेबद्दल थोडं बोलायचं आहे, कारण आपल्या मराठीने तुम्हाला एक हत्यार दिलंय आणि संहितेत ते पडून आहे. आपल्याकडे 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे. 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत आला, 'आम्ही' म्हटलं की तो उंबऱ्याबाहेर राहिला. कन्नडमध्ये दोन्हीला 'नावु' एकच. आमच्या संचात बैलहोंगलकडचा एक कन्नड बोलणारा नट होता, फार ताकदीचा, त्याला तालमीत हा फरक समजावताना मलाच तो पहिल्यांदा नीट उमगला. तुमच्या म्होरक्याने पहिले दोन अंक फक्त 'आपण' म्हणावं. 'आपली दरी', 'आपल्याला झेपेल का', 'आपणच आपलं बघायचं.' तिसऱ्या अंकात, यादी पूर्ण त्याच्या हातात आल्यावर, एखाद्या बाईला सावली नाकारताना तो पहिल्यांदा म्हणतो, 'आम्ही बघू.' नटाने आवाज चढवायची गरज नाही. गर्दीतल्या शेवटच्या माणसाला कळेल.

दुसरं, त्याची क्रियापदं बघा. 'मी ठरवलं', 'मी बोलावलं' अशी वाक्यं तुम्ही त्याला दिली आहेत. गावकीत मुरलेला माणूस 'ठरलंय' म्हणतो. 'बोलावणं गेलंय.' 'तसं झालंय खरं.' कर्ता कुठे आहे? नाहीच. पंच कमिटीच्या बैठकीत बसून ऐका, कान देऊन ऐका, तुम्हाला दोन वह्या भरतील एवढे संवाद मिळतील. थोरलीला मात्र कर्त्याशिवाय एकही वाक्य देऊ नका. ती 'मी चुकले' असंच म्हणेल. दोघं समोरासमोर आली की नुसत्या व्याकरणातून फरक ऐकू येईल.

उशीर करणं हासुद्धा डावच आहे, आणि तो रंगमंचावर फार कमी दिसतो. निपाणीचे सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, आपले आप्पा देसाई, आठवा. चिकोडी आणि मनोळीवरून कोल्हापूरकरांशी त्यांचं वर्षानुवर्षं वैर. १८१७-१८ च्या युद्धात ते पेशव्याच्या बाजूला उभे, पण जीव ओतून लढणं नाही. पेशवाई बुडाली, निपाणीची जहागीर राहिली. त्यांना मी खलनायक म्हणत नाही. दोन मोठ्या सत्तांच्या कात्रीत सापडलेल्या प्रत्येक सरदाराला असा हिशेब करावा लागत होता. तुमच्या कामाचं एवढंच की, हुकूम न मोडता हुकूम निष्फळ करता येतो. थोरली म्हणते, उद्या पाणी वाटा. म्होरक्या वाकून 'होय' म्हणतो आणि उद्या चांगल्या मुहूर्ताची वाट बघत बसतो. मग 'वार' लागतो, म्हणजे कामं बंद ठेवून पाळायचे दिवस, आणि आपल्याकडे यात्रेआधी वार पाळताना गाव कसं थांबतं ते तुमच्या प्रेक्षकाला सांगावं लागणार नाही.

आणि भेट! कुलगोडच्या बाजूला श्रीकृष्ण पारिजाताचा खेळ होतो, एकदा तरी रात्र जागून बघा, कन्नड कळो न कळो. नारद फूल आणतो एक. घरात मानकरीण दोन. रुक्मिणीला फूल मिळतं आणि सत्यभामेच्या महालात वणवा पेटतो. नारदाने कुणाविरुद्ध काही सांगितलेलं नाही, काही चोरलेलं नाही, उलट दिलंय. तुमच्या म्होरक्याला दोन कुळींत भांडण लावायचं आहे ना? खोटं पत्र फाडून टाका. त्याला पानाचा विडा द्या, एकच, आणि मानकरी दोघं बसलेले असताना तो विडा त्याने आदराने, दोन्ही हातांनी, त्यातल्या धाकट्यापुढे करावा. मानपानावरून दोन-दोन पिढ्या पालखीला खांदा न दिलेली घरं प्रत्येक गावात आहेत. प्रेक्षकांत बसलेलीही असतील.

त्याच्या साथीदारांबद्दल. तुमच्या संहितेत ते तिघं हावरट आहेत, हसतात, दारू पितात. हे चालणार नाही. नंदगड तुमच्यापासून काही लांब नाही. राणी चन्नम्माच्या बाजूने बंड करणाऱ्या संगोळ्ळी रायण्णाला तिथं २६ जानेवारी १८३१ रोजी फाशी दिलं. त्याआधी एप्रिल १८३० मध्ये तो पकडला गेला तो आपल्यातल्याच माणसांच्या हातून. मी त्या जागी जातो तेव्हा मला नेहमी पकडून देणाऱ्यांचा विचार येतो. त्यांनाही घरं होती, जमिनी होत्या, आणि बंड शेजारच्या गावात पेटल्यावर आपलं काय होईल ही भीती होती. त्यांना माफ करा असं मी म्हणत नाही. त्यांना माणूस म्हणून लिहा. एकाच्या घरात सावली न मिळालेलं बाळ असू दे. तो म्होरक्याचं का ऐकतो हे मग कुणी विचारणार नाही. उलट त्याच्या जागी आपण काय केलं असतं या विचाराने आयाबाया गप्प होतील.

एक सावधगिरी, आणि ती मी महागात शिकलोय. बरीच वर्षं झाली, एका गावात मी असंच पुढाऱ्याचं नाटक बसवलं. लेखकाने गावातल्याच एका वजनदार माणसाची लकब उचलली होती, खांद्यावरचं उपरणं झटकण्याची. तालमीत आम्ही सगळे खूश. प्रयोगात त्या लकबीवर पहिली शिट्टी आली, मग दुसरी, मग प्रत्येक वाक्याला गर्दी त्या माणसाच्या घराकडे बघून ओरडू लागली. नाटक कुणी ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या नातवाला शाळेत पोरांनी चिडवलं हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. तो माणूस आमच्या म्होरक्याहून कितीतरी चांगला होता. अद्भुत नाटक लिहिण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच की कुणाच्या दाराकडे बोट जात नाही आणि प्रत्येकाला आपल्या आत बघता येतं. म्हणून उपरणं, मिशी, गाडी, बोलण्याची ढब, गावातलं काहीही उचलू नका. तसंच सातपैकी एखाद्या कुळीला कन्नड किंवा मराठी वळणाची नावं देऊन सीमाप्रश्न आत आणण्याचा मोह होईल. आपल्या भागात तो वाद किती घरांतून जगला गेलाय हे मला कुणी सांगायला नको. त्याच्यावर नाटक हवंच, पण ते उघडपणे, वेगळं लिहा. इथं तो आला की तुमचा झरा कुणाला दिसणार नाही.

रंगमंचाचं थोडं. यात्रेतलं नाटक उघड्यावर होतं, मागच्या लोकांना चेहरा दिसत नाही, जनरेटरचा आवाज असतो. बारीक भुवई उडवून डाव कळवता येणार नाही. बसण्याच्या जागांतून कळवा. पहिल्या सभेत थोरली मध्ये, सात कुळींचे सात जण अर्धवर्तुळात, म्होरक्या टोकाला, झऱ्याच्या बाजूला. त्याने नाटकभर आपली जागा सोडायची नाही. दर सभेला बाकीचे थोडे थोडे त्याच्याकडे वळून बसतील, घोंगड्या सरकतील. शेवटच्या सभेत टोक हेच मध्य झालेलं असेल आणि थोरली कडेला. सावलीसाठी मागे पांढरा पडदा आणि जमिनीलगत एकच प्रखर दिवा पुरतो. सावली नसलेल्याने दिव्याच्या मागून चालायचं, एवढं साधं. महागड्या लाइटवाल्याच्या नादी लागू नका, ते पैसे माइकवर घाला.

राहिला शेवट. तुम्ही म्होरक्याला दरीत ढकललंय आणि झरा उसळून वाहू लागतो. टाळ्या मिळतील, पण दोन अंक जे उभं केलं ते वाया जाईल; कारण मग दुखणं एका माणसात होतं आणि तो मेला की संपलं, असं होतं. माझी सूचना अशी. पुन्हा कौल. तोच गुरव, तशाच पाकळ्या. सभा सवयीने म्होरक्याकडे बघते, प्रश्न तो सांगणार म्हणून. तेवढ्यात दुसऱ्या अंकातली ती म्हातारी उठते आणि म्हणते, 'यावेळी गाऱ्हाणं मी घालते.' ती काय विचारते ते तुम्ही ठरवा. मात्र पाकळी पडताना दाखवू नका. सगळ्यांच्या नजरा देवाकडे आणि म्होरक्याची एकट्याची म्हातारीकडे, तिथं दिवे घालवा.

दुसरा अंक लिहून झाला की कळवा, वार लागायच्या आत वाचन ठेवू. रविवार असेल तर मी सकाळच्या गाडीने येतो. आणि त्या वाचनाला म्होरक्याचं काम करणाऱ्या मुलाला त्याचे संवाद देऊ नका. त्याला त्या सावली न मिळालेल्या बाळाच्या बापाचे संवाद वाचू द्या, आणि म्होरक्याचे तुम्ही स्वतः वाचा, हळू, आवाज न चढवता. जिथं तुम्हालाच तो पटू लागेल त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवा. तालीम आपण तिथून सुरू करू.